सांगून ठेवलेली जागा आणि अडवलेली जागा

या श्रावणात मी कोकण रेल्वेने एकाच मार्गावर दोन अगदी वेगळे प्रवास केले. जाताना दिव्याहून सकाळी सुटणाऱ्या सावंतवाडी पॅसेंजरच्या अनारक्षित डब्यातून कणकवलीला गेले. आठवड्याने परतताना कुडाळहून एका दिवसाच्या गाडीच्या व्हिस्टाडोम डब्यातून, म्हणजे काचेचे छत आणि रुंद खिडक्या असलेल्या वातानुकूलित डब्यातून, मुंबईला आले. या मार्गाच्या देखाव्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून त्याबद्दल मी गरजेपुरतेच लिहीन. माझा अभिप्राय आहे तो डब्यातील सामाईक जागांविषयी. ज्या जागेवर कोणाचाही क्रमांक नाही किंवा जी अनेकांनी वाटून घ्यायची आहे, ती लोक कशी धरतात, कशी सोडतात आणि कधी कधी कशी अडवून ठेवतात, यावरच माझे दोन्ही प्रवास सुखाचे की त्रासाचे ते ठरले.

पॅसेंजरपासून सुरुवात करते. दिव्याला गाडी फलाटाला लागत असतानाच उघड्या खिडक्यांतून रुमाल, टोप्या, वर्तमानपत्रे आणि एक लहान मुलाचे दप्तरसुद्धा आत पडले. ही रीत आपल्याला एसटीच्या स्थानकावरून ठाऊक आहे. लाल गाडी वळण घेऊन फलाटाकडे येऊ लागली की धावत जाऊन खिडकीतून टॉवेल टाकायचा आणि मग निवांतपणे दारातून चढायचे, हे कोकणात जन्मलेल्या प्रत्येकाने लहानपणी पाहिलेले किंवा स्वतः केलेले असते. नवख्या प्रवाशाला यात निव्वळ दांडगाई दिसते. प्रत्यक्षात या रुमालाला काही अटी आहेत, आणि त्या पाळल्या जातात तोवर कोणी त्याविषयी तक्रार करत नाही. एका रुमालावर एकच माणूस बसतो. रुमालाचा धनी फलाटावर किंवा डब्यातच, हाकेच्या अंतरावर असावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने शेजाऱ्याला तोंडाने सांगितलेले असावे लागते: ‘जरा जागा बघा हं, आलेच.’ या एका वाक्याने शेजारी त्या जागेचा राखणदार होतो. नंतर कोणी विचारले तर तो आपण होऊन सांगतो की इथे एक बाई आहेत, पाणी भरायला उतरल्या आहेत. माझ्या मते खरा हक्क या सांगण्यातून येतो. नुसत्या कापडाच्या तुकड्याला तो नसतो.

हा फरक पनवेलला फार स्पष्ट झाला. माझ्या समोरच्या बाकावर एका गृहस्थांनी दिव्यापासून चार जागा धरल्या होत्या. एकीवर ते स्वतः बसले होते आणि उरलेल्या तिन्हींवर पिशव्या मांडल्या होत्या. त्यांचे कुटुंब पनवेलला चढणार होते. पनवेलला डबा भरला, वाटेत माणसे उभी राहिली, पण कुटुंब काही दिसले नाही. गर्दीमुळे ती मंडळी मागच्या कुठल्या तरी डब्यात चढली असल्याचे फोनवरून कळले, तरीही पिशव्या जागच्या हलल्या नाहीत. विचारणाऱ्या प्रत्येकाला ते ‘माणसे आहेत’ एवढेच उत्तर देत होते. उभ्या असलेल्यांत काठी घेतलेले एक आजोबा होते, हातात टोपली घेतलेल्या साठीच्या एक मावशी होत्या आणि नातीला घेऊन निघालेल्या एक आजी होत्या. माझा संताप होत होता आणि मी कायद्याची भाषा बोलण्याच्या बेतात होते.

कायद्याची बाजू येथेच सांगून टाकते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ मध्ये दोन गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी राखीव असलेली जागा अडवून बसणाऱ्याने ती सोडण्यास नकार दिला तर त्याला दंड होऊ शकतो. त्याचप्रमाणे स्वतःसाठी राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाच्या रास्त प्रवेशाला जो विरोध करील, त्यालाही २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनारक्षित डब्यातील बाक कोणाच्याही नावावर नसतो, आणि त्यावर ठेवलेल्या पिशवीला तिकीट नसते. शयनयान डब्यांतसुद्धा झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी ठरलेली आहे, आणि त्या वेळेबाहेर खालच्या बाकावर इतरांना बसू द्यावे लागते. मात्र चालत्या पॅसेंजरमध्ये हे कलम ऐकवून बाक रिकामा झाल्याचे मी कधी पाहिलेले नाही. असे ऐकवले की भांडण वाढते आणि उभा असलेला माणूस उभाच राहतो.

त्या दिवशी टोपलीवाल्या मावशींनी जे केले ते मला कोणत्याही कलमापेक्षा मोलाचे वाटते. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘दादा, तुमची माणसं येईपर्यंत वायच बसतंय. आली की उठतंय.’ यावर नाही म्हणायला जागाच नव्हती. पिशव्या बाकाखाली गेल्या आणि आजोबा, मावशी आणि नातीला मांडीवर घेतलेल्या आजी असे तिघे बसले. पेणला गाडी थांबल्यावर त्या गृहस्थांची पत्नी दोन मुलांना घेऊन फलाटावरून धावत आमच्या डब्यात आली. मावशी लगेच उठल्या. त्या बाईंनी मात्र त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा बसवले आणि एका मुलाला वडिलांच्या मांडीवर दिले. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देण्याची मुंबईच्या लोकलमधली सवय अशा वेळी फार उपयोगी पडते. धरलेली जागा रिकामी ठेवणे मुळीच आवश्यक नसते, हे मी त्या दिवशी मावशींकडून शिकले.

या बाकांविषयी एक गोष्ट कृतज्ञतेने नोंदवावीशी वाटते. आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते, आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यांतील लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या घालण्याची सुरुवात त्यांनी केली. कोकणात रेल्वे यावी यासाठी झटलेल्यांत बॅरिस्टर नाथ पै यांच्याबरोबर त्यांचेही नाव घेतले जाते. साध्या तिकिटाच्या प्रवाशालाही नीट बसता आले पाहिजे, हा विचार ज्या माणसाने रेल्वेत रुजवला, त्याच्याच मुलखातून जाणाऱ्या गाडीत पिशव्यांसाठी म्हाताऱ्यांना उभे ठेवावे, हे मला मनापासून खटकते.

रोह्यापुढे कोकण रेल्वेचा स्वतःचा मार्ग सुरू होतो. तेथून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण झाला. रोहा ते वीर हा भाग आता दुहेरी झाला असला तरी पुढे बहुतांश एकेरी मार्गच असल्याने पॅसेंजरला क्रॉसिंगसाठी बाजूच्या रुळावर थांबावे लागते, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग आणखी कमी असतो. ज्यांना घाई आहे त्यांना हे थांबणे जाचक वाटेल. सामाईक जागांचा विचार केला तर मात्र ते फार उपकारक आहे. गाडी थांबली की निम्मा डबा पाय मोकळे करायला उतरतो, ‘जागा बघा हं’ चे आवाज सगळीकडून येतात, उभे असलेले तेवढ्या वेळात टेकून घेतात आणि इंजिनाचा भोंगा झाला की ज्याची त्याची जागा त्याला परत मिळते. माणगाव ते चिपळूण या टप्प्यात मी आमच्या कप्प्यात असे चार वेळा घडताना पाहिले आणि एकदाही वाद झाला नाही.

खिडकीची गोष्ट मात्र बाकाहून अवघड आहे, कारण बाकावर सरकून घेता येते, पण खिडकीत एकच माणूस मावतो. पॅसेंजरच्या खिडकीला गज असतात आणि ती उघडी असते, त्यामुळे तिथे बसणाऱ्याच्या हाती केवळ देखावाच नव्हे तर साऱ्या बाकाचा वारा आणि पाऊसही असतो. आमच्या मागच्या कप्प्यातील एका तरुणाने भर पावसात, चित्रीकरण करायचे म्हणून, खिडकी उघडीच ठेवली आणि त्याच्या शेजारच्या दोघांचे कपडे भिजले. उलट बाजूला एका गृहस्थांनी वीर स्थानकापासून झडप पाडून डोळे मिटले ते खेडपर्यंत उघडले नाहीत, आणि तेवढा वेळ सावित्रीचे गढूळ लाल पाणी, भाताची खाचरे आणि डोंगरावरून उतरणारे ढग त्या बाकावरच्या कोणालाही दिसले नाहीत. झडपेविषयी शेजाऱ्यांना विचारणे हे खिडकीत बसणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे, असे मी मानते. ज्यांना झोपायचे आहे त्यांनी खिडकी आपण होऊन दुसऱ्याला द्यावी. यात त्यांचे काही जात नाही, उलट डोक्याला वारा लागत नाही.

आमच्या बाकावर खिडकी माझ्याकडे होती. समोरच्या आजींची नात, नऊ-दहा वर्षांची असेल, चिपळूणपासून माझ्या खांद्यावरून बाहेर पाहत होती. तिने खिडकी मागितली नाही, आणि मलाही, खरे सांगायचे तर, ती सोडवत नव्हती. संगमेश्वर मागे पडले, उक्षीचा रानपाट धबधबा मी मन भरून पाहिला, आणि लगेच गाडी करबुडे बोगद्यात शिरली. हा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. २०१३ मध्ये काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत तो देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. पॅसेंजरला तो ओलांडायला कितीतरी मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ खिडकीला काहीच किंमत नसते. त्या अंधारात आजी म्हणाल्या, ‘बाई, आता थोडा वेळ तिला देता? रत्नागिरी गेली की पूल येतो, तिला तो बघायचाय.’ आम्ही बोगद्यातच जागा बदलल्या. रत्नागिरीनंतर निवसरच्या अलीकडे गाडी पानवल नदीवरच्या पुलावर आली. हा पूल खालच्या दरीपासून ६४ मीटर उंच आहे. मुलीने दोन्ही हातांनी गज घट्ट धरले, दरी सरेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही, आणि मग वळून आजीला म्हणाली, ‘खाली झाडं गवतासारखी दिसतात.’ मला धबधबा मिळाला, तिला पूल मिळाला. ज्यांना खिडकी वाटून घ्यायची आहे त्यांनी ती बोगद्यांत बदलावी, अशी मी आग्रहाने शिफारस करते. या मार्गावर नव्वदीच्या घरात बोगदे आहेत, त्यामुळे संधीला तोटा नाही.

आता परतीचा प्रवास. व्हिस्टाडोम डबा कोकण रेल्वेवर प्रथम २०१७ मध्ये जनशताब्दीला जोडला गेला, आणि पुढे असे डबे आणखी गाड्यांना मिळाले. मी ज्या गाडीने आले तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण जो प्रसंग सांगणार आहे त्यात दोष प्रवाशांचा होता. अलीकडच्या व्हिस्टाडोम डब्यात ४४ आसने असतात, ती प्रवासाच्या दिशेला किंवा उलट फिरवता येतात, पाय पसरायला भरपूर जागा असते, आणि पावसात काचेच्या छतावरून ओघळणारे पाणी पाहत बसणे हा स्वतंत्र आनंद आहे. स्वच्छता, शांतता आणि आसनाचा आराम या तिन्ही बाबतींत मला समाधान वाटले. वडा आणि चहा मिळाला, त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

या डब्याच्या एका टोकाला मोठ्या काचेची मोकळी जागा असते. तेथे उभे राहून बाहेर पाहावे अशी तिची योजना आहे, आणि डबा गाडीच्या शेवटी असेल तर मागे पळत जाणारे रूळ व बोगद्याचे लहान होत जाणारे तोंड तेथून दिसते. या जागेला क्रमांक नाही. डब्यातील प्रत्येकाने तिच्यासाठी पैसे मोजलेले असतात आणि एका वेळी तेथे मोजकीच माणसे नीट उभी राहू शकतात. म्हणूनच साऱ्या डब्यात हीच जागा सर्वांत जास्त जपून वापरायला हवी. आमच्या डब्यात कणकवलीपासून तेथे दोन मोठ्या पाठपिशव्या आणि कॅमेऱ्याची तिवई काचेला लावून ठेवलेली होती, आणि ज्यांची ती होती ते तिघे तरुण आपापल्या आसनांवर बसून जेवत होते. त्यांनी कोणालाही काही सांगितले नव्हते. वैभववाडीनंतर एक वृद्ध गृहस्थ पत्नीसह तेथे आले, तिवई पाहून क्षणभर थांबले आणि परत फिरले. नंतर एक आई मुलाला घेऊन आली आणि तीही परतली. पॅसेंजरमध्ये कोणीतरी निदान ‘इथे कोण आहे?’ असे विचारले असते. येथे प्रत्येकजण संकोचाने गप्प राहिला, आणि त्या संकोचामुळे सामानाला माणसापेक्षा अधिक मान मिळाला.

राजापूर गेल्यावर मी तेथे जाऊन उभी राहिले आणि त्या तरुणांकडे वळून मावशींचेच वाक्य माझ्या भाषेत म्हटले: ‘तुम्ही येईपर्यंत मी इथे उभी राहते. या आजोबांनाही बोलावते.’ तिघांपैकी एकजण घास तसाच टाकून उठला, ‘माफ करा काकू, आम्हाला वाटलं कोणाला नको आहे’ असे म्हणाला आणि तिवई मिटून त्याने पिशव्या बाजूच्या कोपऱ्यात सरकवल्या. त्याचे म्हणणे खरे असावे असे मला वाटते. आलेली माणसे न बोलता परत गेल्यावर जागा कोणाला नको आहे असाच त्याचा समज होणार. पानवलचा पूल येईपर्यंत आजी-आजोबा, ती आई, तिचा मुलगा आणि ते तरुण असे सगळे आळीपाळीने काचेजवळ येऊन गेले. पुलावर त्या तरुणाने तिवई न लावता हातानेच चित्रीकरण केले आणि आजोबांना पुढे उभे केले.

तिवईविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ज्याला उत्तम छायाचित्र हवे आहे त्याची तळमळ मला समजते, पण तिवईचे तीन पाय दोन माणसांची जागा घेतात आणि ती उभारणारा माणूस पुढचे दृश्य येईपर्यंत तिथून हलत नाही. सामाईक जागेत तिवई असूच नये. बाकी प्रत्येकाने एखाद्या बोगद्यापासून पुढच्या मोठ्या बोगद्यापर्यंत उभे राहावे आणि मग मागे कोणी आहे का ते पाहावे. अशा डब्यांत सेवक असतात, आणि त्यांनी प्रवासाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत हे सांगितले तर पुष्कळ अवघडलेपण टळेल.

फिरत्या आसनांबाबतही असाच विचार करावा लागतो. आपले आसन उलट वळवले की मागच्या रांगेतील माणसाशी गुडघे समोरासमोर येतात. कुटुंबाला ते हवेसे वाटते, अनोळखी माणसाला नकोसे वाटू शकते. माझ्या पुढच्या रांगेतील जोडप्याने आधी मागे वळून विचारले आणि मी होकार दिला. पुढे चिपळूणला वाशिष्ठीचा पूल आला तेव्हा त्यांनी डबा उघडून मला घावने दिले.

कोणता डबा निवडावा असे कोणी विचारले तर मी असे सांगेन. गुडघे दुखत असतील, सोबत फार वृद्ध माणूस असेल किंवा पावसात छताची मजा अनुभवायची असेल तर व्हिस्टाडोम घ्यावा. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, आणि पावसाळ्यात तिकिटासाठी त्याच सकाळी बसावे हे बरे. अंगात बळ असेल आणि दिवस मोकळा असेल तर पॅसेंजर घ्यावी, मात्र दिव्यालाच चढावे, सामान थोडे ठेवावे आणि ते बाकाखाली जाईल एवढेच असावे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र यांपैकी काहीही लागू होत नाही. त्या दिवसांत चाकरमान्यांना पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुरे असते, आणि तेव्हा खिडकीची अपेक्षा धरून कोणी निघू नये. दारात पाय सोडून बसण्याचा मोह तर कोणत्याही ऋतूत आवरावा.

त्या परतीच्या प्रवासात खेडनंतर मी पुन्हा एकदा टोकाच्या काचेकडे गेले. नातूवाडीचा बोगदा जवळ आला होता. काठी काचेला टेकवून आजोबा एकटेच उभे होते, आणि मला पाहताच म्हणाले, ‘बरं झालं आलात. मी हिला घेऊन येतो, तोवर जागा बघा हं.’